पुनवेची नावं

आपल्याकडच्या पौर्णिमांची नावं एकदा ओळीनं म्हणून बघा. वटपौर्णिमा, नारळी पौर्णिमा, शाकंभरी, होळी पौर्णिमा. चंद्र कसा दिसतो हे यांतलं एकही नाव सांगत नाही. त्या दिवसांत झाडावर, शेतात, दर्यावर काय चाललंय, ते मात्र नेमकं कळतं.

श्रावणातली नारळी पौर्णिमा घ्या. पौर्णिमेला आणि अमावास्येला समुद्राला उधाणाची भरती येते, अष्टमीच्या आसपास त्याहून कमी चढणारी, भांगाची. किनाऱ्यावरच्या माणसांचा हिशेब सोपा असतो: तिथीची पाऊणपट करा, साधारण तितक्या वाजता भरती. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. घड्याळात थोडा फरक पडतो, पण होडी लोटायला तेवढा अंदाज पुरतो. ज्यांचं पोट असं तिथीवर चालतं, त्या कोळी बांधवांनी पावसाचा जोर ओसरतानाची पुनव दर्याला दिली. सरकारी मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते, तरी सोनेरी कागदानं मढवलेला नारळ दर्याला अर्पण केल्याशिवाय होडी न लोटणारी घरं आजही आहेत.

आषाढ पौर्णिमा बहुतेकांना गुरुपौर्णिमा म्हणून ठाऊक. बौद्ध परंपरेत तिच्यापासून वर्षावास सुरू होतो. पावसात भिक्खूंनी फिरती थांबवून एका जागी राहायचं, ते आश्विन पौर्णिमेपर्यंत.

आणि ही आश्विनातली पुनव तर फार श्रीमंत. शहरात ती कोजागरी: गच्चीवर आटीव दूध, केशर, वेलची, रात्री उशिरापर्यंत गप्पा. पावसानं हवेतली धूळ धुऊन काढलेली असते, म्हणून चांदणंही स्वच्छ पडतं. कोकणात हीच नव्याची पौर्णिमा. लवकर पिकणारं हळवं भात तयार झालेलं असतं. भाताच्या लोंब्या, नाचणीचं कणीस, आंब्याचं पान आणि कुरडूचं गुलाबी-पांढरं फूल यांची जुडी बांधतात. ते 'नवं'. दाराला एक, देवापाशी एक, धान्याच्या कणगीला एक. काही गावांत हे दसऱ्यालाच होतं, कारण भात कुठे आधी पिकतं, कुठे नंतर. मला या दोन नावांत नव्याची पौर्णिमा जास्त जवळची वाटते. वर्षभराच्या घामाचा पहिला घास त्या दिवशी ताटात येतो. कॅलेंडरात नवान्न पौर्णिमा छापलेली असते, पण शहरात तिच्याकडे क्वचितच कुणाचं लक्ष जातं, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

पौषातली शाकंभरी पौर्णिमा ताज्या भाज्यांच्या दिवसांत येते. तुळजापुरात देवीचं शाकंभरी नवरात्र याच दिवशी पूर्ण होतं. आणि नावात नसलेल्या चंद्राचं म्हणाल, तर ज्येष्ठातला पूर्णचंद्र दक्षिणेकडे कललेला राहतो आणि बहुधा ढगांत हरवतो. पौषातला मात्र मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर येतो. थंडीमुळे तो बघायला फारसं कुणी बाहेर पडत नाही. यंदा शाल पांघरून, बाराच्या सुमारास, गच्चीवर जरूर जा.