आधी कठडा, मग पट्टा
(घोरावाडी येथील बैठकीतील भाषण)

मैत्रिणींनो, इथल्याच एका इमारतीवर उंचावरच्या कामाचं प्रशिक्षण झालं. गवंडी आले, सेंटरिंगवाले आले. त्याच परांचीवर घमेलं घेऊन चढणाऱ्या बायकांना मात्र कुणी बोलावलं नाही. का, तर त्या ‘बिगारी’! पडणाऱ्या बाईला जमीन हुद्दा विचारते का? १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यानं अकुशल काम करणाऱ्यांनाही कामगारच मानलं होतं.

मांड्यांतून जाणारा पट्टा साडीवर नीट बसत नाही. नुसता कमरेचा पट्टा पडताना पोटाला इजा करतो. म्हणून आधी परांचीला कठडा आणि पक्क्या फळ्या मागा, मग अंगाला बसणारा पट्टा. शिकण्याच्या दिवसाची पूर्ण हजेरीही लागलीच पाहिजे. मुकादमाकडे एकटीनं जाऊ नका. सगळ्या मिळून जाऊ.