परिषदेला गाडीनेच जाऊ या
(रोहा येथील महिला मेळाव्यातील भाषण)



डिसेंबर १९९० मध्ये कालिकतला स्त्री-चळवळींची राष्ट्रीय परिषद भरली. तेव्हा आपल्या किनाऱ्यावरून केरळला जायचं तर घाट चढून मोठा वळसा घ्यावा लागे. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि आपल्या रोह्यापासून थेट दक्षिणेचा रूळ झाला.

आता पनवेलजवळ विमानतळही झालाय. डिसेंबर २०२५ पासून विमानं उडतात. काहीजणी म्हणतात, दिवस-रात्र गाडीत कशाला घालवायची? खरं आहे, मजुरी बुडते. ती संघटनेनं वर्गणीतून भरून द्यावी. पण विमानानं जायचं ठरलं, तर जाणार कोण? तिकीट परवडणाऱ्या दोघी. मासळी विकणारी आपली बाई मागेच राहणार.

गाडीत दहाजणी जातात. भाकरी वाटून खाताना, रात्री बर्थवर बसून बाया जे बोलतात, ते सभेत बोलत नाहीत.

हक्कही माहीत हवेत. लांबच्या गाड्यांत स्लीपरमध्ये स्त्रियांसाठी सहा बर्थ राखीव असतात. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १३९ नुसार, तिकीट नसलं तरी एकट्या बाईला रात्री वाटेतल्या लहान स्टेशनावर उतरवता येत नाही.

तेव्हा घरी सांगा, मी जाणार आहे. आपली परिषद गाडीतच सुरू होईल.