विळीचं पाणी



नवी विळी घ्यायला गेलं की माणूस आधी तिची चकाकी बघतो. माझं सांगणं एवढंच, की चकाकी बघू नका, पाणी बघा. पाणी म्हणजे लोहारानं पात्याला जे पाजलेलं असतं, ते.

उंब्रजला तारळी नदी कृष्णेला मिळते. तारळीच्या काठानं वर गेलं की खंडोबाचं पाल. पौषात तिथं खंडोबा-म्हाळसेचं लग्न लागतं, भंडाऱ्यानं माणसं, घरं, रस्ते पिवळे होतात. त्या जत्रेत घिसाड्यांच्या, म्हणजे फिरत्या लोहारांच्या, भट्टीपुढं मी लहानपणी खिळून उभी राहायचे. आजीची विळी तिथलीच. भात्यावर घरातलं पोर, घण मारायला बाई आणि सांडशीत पातं धरून बसलेला लोहार. भट्टी कायम सावलीत. का? तर तापलेल्या लोखंडाचा लाल रंग उन्हात नीट दिसत नाही, आणि लोहाराचं सगळं काम रंगावर. त्याच्याकडे तापमान मोजायचं यंत्र नसतं, डोळा असतो.

आता नीट ऐका, मला या विळीचं वेड लागलं ते इथंच. पातं लाल झालं की तो फक्त धारेची बाजू पाण्यात बुडवतो. चर्र आवाज येतो. धार कडक होते, पण इतकी कडक की आपटली तर तुकडा उडेल. पाठीत मात्र अजून धग असते. तो पातं बाहेर काढतो, धार विटेच्या तुकड्यावर घासून उजळ करतो आणि बघत बसतो. पाठीतली धग हळूहळू धारेकडे सरकते आणि त्या उजळ पट्टीवर रंग चालायला लागतात. आधी वाळल्या गवतासारखा फिका पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटी निळा. पिवळा म्हणजे साधारण सव्वादोनशे अंश, निळा म्हणजे तीनशेच्या आसपास. पिवळा धारेपर्यंत पोचून तपकिरी व्हायला लागला, की त्याच क्षणी सगळं पातं पाण्यात! क्षणभर उशीर झाला आणि निळा धारेवर आला, तर विळी मऊ पडली. भाजी चिरताना धार लगेच जाणार. घाई केली तर धार ठिसूळ राहणार. पुन्हा सांगते, लाल झालं की धार बुडवायची, धग सरकू द्यायची, पिवळा-तपकिरी दिसला की थांबवायचं. विळीचं पाणी म्हणतात ते हेच.

आणि लोखंड कुठलं? बहुतेक वेळा ट्रकच्या स्प्रिंगचा जुना पाटा. उंब्रजवरून पुणे-बेंगळुरू महामार्ग जातो, तुटक्या पाट्यांना काय तोटा! पाट्याच्या पोलादात कार्बन अर्ध्या टक्क्याच्या पुढं असतो, म्हणून ते पाणी घेतं. साध्या गजाला कितीही पाणी पाजा, तो मऊच.

टाकाऊ पोलादाची अशीच पाती दूरवरही होतात. चीनच्या किनाऱ्याला लागून किनमेन नावाचं बेट आहे, ते तैवानकडे आहे. 1958 च्या सुमारास त्याच्यावर चीनकडून साडेचार लाखांच्या वर तोफगोळे पडले. तिथल्या लोहारांनी त्या गोळ्यांच्या पोलादाच्या स्वयंपाकाच्या सुऱ्या केल्या, अजूनही करतात. तसली रुंद पात्याची चिनी सुरी आता आपल्याकडच्या ओट्यांवरही दिसू लागली आहे. वीतभर लांब, चांगली आठ-दहा सेंटिमीटर रुंद. लोकांना ती खाटकाची वाटते. तसं नाही. भाजीची सुरी पातळ असते, तिनं हाडं तोडली तर धारेचे तुकडे पडतील. हाडांची वेगळी, जाड आणि जड. घरी घ्यायची तर पातळच घ्या. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत पातं मुठीजवळ धरायचं, दुसऱ्या हाताची बोटं आत वळवून पेरं पात्याला टेकवायची आणि पुढं ढकलत चिरायचं. पात्याच्या सपाट अंगानं लसूण ठेचता येतो, चिरलेली भाजी उचलून थेट कढईत टाकता येते. एकाच पात्यावर सगळा स्वयंपाक, आपल्या विळीसारखाच. फरक एवढाच, की विळीचं पातं जागेवर राहतं आणि भाजी चालते. पाटावर पाय दाबला की दोन्ही हात मोकळे.

विळी कशी निवडायची? कानस असेल तर धारेवर हलकेच फिरवा. सरकून गेली तर पाणी चांगलं, लोखंड खाल्लं तर ठेवून द्या. उजेडात धारेकडे सरळ बघा, पांढरी चमक दिसली तर तिथं धार नाही. पाटावर पाय ठेवून पातं हलवून पाहा, हललं तर घेऊ नका. स्टेनलेस स्टीलची, ओट्याला अडकवायची घडीची विळीही मिळते. ती सहज गंजत नाही आणि गुडघे दुखणाऱ्यांची मोठी सोय होते.

मला वाईट वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. गावचा लोहार बारा बलुतेदारांतला. सुगीला खळ्यावर त्याला धान्य मिळायचं आणि त्यात वर्षभर धार लावणं, पाजवणं आलंच. ती पद्धत मोडली. त्यात जातीची उतरंड होती, ती मोडायलाच हवी होती. पण तिच्याबरोबर धार लावून घ्यायची सवयही गेली. आता बोथट सुरी लोक फेकतात आणि नवी आणतात. पिवळा रंग कुठं थांबवायचा हे ओळखणारा डोळा गिऱ्हाइकाशिवाय तयार होत नाही. मला वाटतं, आपल्या आयटीआयमध्ये अशा लोहाराला शिकवायला बोलवावं, चांगला पगार देऊन. पोरांना पोलाद पुस्तकात कळतं, त्याच्या भट्टीशी जास्त कळेल.

वेळ संपत आलीय, एक राहिलं. पोलादी विळी काळी पडते, घाबरू नका. चिंच-लिंबू कापलं की लगेच धुवा, कोरडी पुसा, पावसाळ्यात गोड्या तेलाचं बोट फिरवा. मुलांच्या वाटेत ठेवू नका, पातं भिंतीकडे करून उभी करा. आणि पौषात पालला गेलात तर लोहाराला सांगा, "पाण्याची विळी द्या." तो तुमच्याकडे बघेल आणि आतली काढून देईल.