धातूची जन्मपत्रिका
(दहिसर येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



विमानतळ प्राधिकरणाच्या इथल्या रेडिओ केंद्रामुळे इमारत किती मजले चढवता येईल, हा आपल्याकडचा जुना प्रश्न. दहिसरचा आणि विमानाचा संबंध बहुतेकांना तेवढाच ठाऊक. आज मला तुम्हाला विमानाच्या इंजिनात न्यायचं आहे.

२ मे २०२३ आठवा. मुंबईच्या गो फर्स्ट कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि ऐन सुट्टीत कितीतरी घरांतली तिकिटं वाया गेली. प्रॅट अँड व्हिटनीची इंजिनं बिघडतात, बदली इंजिनं मिळत नाहीत, म्हणून निम्मी विमानं उभी आहेत, असं कंपनीचं म्हणणं होतं. इंजिनवाल्यांनी ते फेटाळलं. पण त्याच वर्षी जुलैत त्यांना वेगळीच एक गोष्ट जाहीर करावी लागली. २०१५ ते २०२१ या काळात बनलेल्या, इंजिनांतल्या काही चकत्यांच्या धातूच्या भुकटीत अशुद्ध कण राहिले होते. त्यापायी इंडिगोचीही डझनावारी विमानं जमिनीवर आली.

भुकटी कशाला, असं तुम्ही विचाराल. टर्बाइनची चकती निकेलच्या मिश्रधातूची असते. त्यात इतके घटक असतात की साधं ओतकाम केलं तर थंड होताना ते एकमेकांपासून फुटून वेगळे बसतात. म्हणून वितळलेल्या रसाचे वायूच्या झोताने बारीक थेंब करतात, ते गोठले की चाळतात, उष्णता आणि दाब देऊन एकजीव करतात आणि मग घडवतात. चाळणीतून एक कण निसटला तर तिथून चीर सुरू होऊ शकते. ती डोळ्यांना दिसत नाही.

इंजिनाचा पुढचा, थंड भाग टायटॅनियमचा. पोलादाच्या जेमतेम साठ टक्के वजन आणि ताकद भरपूर. पण सुमारे सहाशे अंशांपुढे त्याचा भरवसा नाही, तिथून निकेलचं राज्य सुरू होतं. ज्वलनकक्षामागच्या पात्यांवरून जाणारा वायू त्या पात्यांच्या वितळणबिंदूपेक्षाही तापलेला असतो. पात्याच्या पोटातून खेळवलेली हवा आणि वरचा सिरॅमिकचा लेप यांच्या जोरावर ते तग धरतं. अख्खं पातं एकाच स्फटिकाचं वाढवलेलं असतं. मानवी हातांनी केलेल्या वस्तूंत याहून मोठं कौतुक मी तरी पाहिलेलं नाही.

पण अशा इंजिनालाही एक लपलेला दोष पुरतो. १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत सू सिटीला एक विमान कोसळलं. २९६ जणांपैकी १८४ वाचले. त्याच्या इंजिनातल्या पंख्याच्या टायटॅनियम चकतीत, धातू वितळवतानाच, एक कठीण ठिपका राहून गेला होता. विमान तोवर अनेक वर्षं उडत होतं.

उमेदवारीच्या काळात मी एका कारखान्यात होतो. टायटॅनियमचा एक जॉब लेथवर चढवला होता. हा धातू उष्णता पुढे जाऊ देत नाही, सगळी धग टूलच्या टोकाशी साठते. कीस पेटला तर पाणी मारायचं नाही, कोरडी वाळू टाकायची, हे पहिल्या दिवशी शिकवलं होतं. मापं अचूक आली. पण कापताना सळीवरचा हीट नंबर, म्हणजे घाण्याचा क्रमांक, पुसला गेला होता. साहेबांनी जॉब भंगारात टाकला. मला तेव्हा राग आला होता. तो धातू कोणत्या भट्टीतून, कोणत्या घाण्यातून आला हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं, आणि जन्मपत्रिका नसलेला धातू इंजिनात जात नाही, हे मला उशिरा उमगलं.

आता इंजिनांच्या मागणीकडे या नजरेने बघा. फेब्रुवारी २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० विमानं मागवली, जूनमध्ये इंडिगोने ५००. प्रत्येकी दोन धरली तर १,९४० इंजिनं, राखीव वेगळी. धातू मात्र मोजक्याच भट्ट्यांतून येतो. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं, बोइंगने रशियन टायटॅनियम घेणं थांबवलं आणि अनेक ग्राहक जपान, कझाकस्तानकडे वळले. नवी भट्टी बांधता येते, पण तिच्या धातूवर विश्वास बसायला वर्षं लागतात.

आपल्याकडे काय आहे? रत्नागिरीच्या काळबादेवीची काळी वाळू तुम्ही पायाखाली घेतली असेल. तीत इल्मेनाइट असतं, म्हणजे लोह आणि टायटॅनियमचं खनिज. दुसऱ्या टोकाला, विक्रोळीत गोदरेजने इस्रोच्या रॉकेटांची विकास इंजिनं बांधली. पुण्याच्या भारत फोर्जने बोइंग ७३७ च्या पंखांसाठी टायटॅनियम घडवलं. म्हणजे वाळू आहे आणि कारागीर आहेत. अडतं ते मधे. खनिजावर क्लोरीनची प्रक्रिया, मग बंद भांड्यात मॅग्नेशियमची, तेव्हा कुठे सच्छिद्र धातू हाती येतो. त्याला स्पंज म्हणतात. केरळात चवऱ्याला तो होतो, क्षमता वर्षाला ५०० टन. जगाचं उत्पादन लाखो टनांत आहे. १९७३ मध्ये स्थापन झालेल्या हैदराबादच्या मिधानी कंपनीत खास मिश्रधातूंचं काम चालतं, पण एवढ्या मोठ्या देशाला ते पुरणारं नाही.

हे मधलं काम माणसांचं आहे. भट्टीपाशी धीराने उभं राहणाऱ्या, नोंदवहीत खोटा आकडा न लिहिणाऱ्या माणसांचं. पवईच्या आयआयटीत धातुशास्त्राचा विभाग आहे, पुण्याच्या सीओईपीतही आहे. तिथे जागा मिळाली की आईवडील म्हणतात, पुढच्या वर्षी शाखा बदलून घे. निकाल तोंडावर आलेत. यंदा आपल्या मुलीला किंवा मुलाला मेटलर्जी मिळाली, तर कृपा करून तसं सांगू नका.