विमान-देखभालीचे शिक्षण : शाळेत की महाविद्यालयात?

(शिक्षक व पंचायत सदस्यांपुढे केलेल्या भाषणावरून)



विमान म्हटले की वैमानिक आठवतो. परंतु १९०३ साली राइट बंधूंच्या विमानाला आकाशात नेणारे इंजिन चार्ल्स टेलर या कारागिराने सुमारे सहा आठवड्यांत घडविले होते. त्याच्या वारसांना, म्हणजे विमानांची देखभाल करणाऱ्या तंत्रज्ञांना, कोठे शिकवावे, हा आजचा विषय आहे. अमेरिकेत काही तांत्रिक माध्यमिक शाळा हे शिक्षण देतात. ते कम्युनिटी कॉलेजांकडे, म्हणजे मुख्यतः दोन वर्षांचे अभ्यासक्रम चालविणाऱ्या स्थानिक सार्वजनिक महाविद्यालयांकडे, सोपवावे असा एक विचार आहे.

या विचाराला आधार आहे. तेथील तंत्रज्ञाचे प्रमाणपत्र वयाची १८ वर्षे पूर्ण झाल्यावरच मिळते. त्यासाठी लेखी, तोंडी व प्रात्यक्षिक अशा तिन्ही परीक्षा द्याव्या लागतात. विमानाचा सांगाडा व इंजिन या दोन्ही शाखांसाठी २०२२ पर्यंत किमान १९०० तासांचे प्रशिक्षण बंधनकारक होते. त्या वर्षी नियम बदलले आणि तासांऐवजी प्रत्यक्ष कौशल्याच्या कसोटीवर भर आला. कनेक्टिकट राज्यातील स्ट्रॅटफर्ड येथे तर शालेय शिक्षण पूर्ण केलेले प्रौढच हा अभ्यासक्रम शिकत आले, पण तो चालविला मात्र तांत्रिक माध्यमिक शाळांच्या यंत्रणेने. असे शिक्षण महाविद्यालयाकडे गेल्यास त्याची गणना पुढील पदवीसाठी होणे सुकर होते.

दुसरी बाजूही तितकीच विचारणीय आहे. न्यूयॉर्कच्या एव्हिएशन हायस्कूलमध्ये सामान्य घरांतील मुले सरकारी शाळेत, शुल्क न देता, ही विद्या शिकतात. या शाळेची एक शाखा केनेडी विमानतळावरही आहे. महाविद्यालयात शुल्क आले. गरजू विद्यार्थ्याला पेल अनुदानाचा आधार मिळू शकतो हे खरे. परंतु चौदा वर्षांच्या मुलासाठी शाळेत उघडलेले दार बंद झाले, तर तो महाविद्यालयापर्यंत पोहोचेलच याची शाश्वती काय?

म्हणूनच केवळ फलक बदलणे म्हणजे सुधारणा नव्हे. अभ्यासक्रमाबरोबर विमानशाळा, अवजारे आणि अनुभवी शिक्षकही गेले पाहिजेत. शाळेने पाया घालावा, महाविद्यालयाने शिक्षण पूर्णत्वास न्यावे आणि शाळेत शिकलेले पुन्हा शिकावे लागू नये, हाच विवेकाचा मार्ग होय.

नागपूरच्या मिहान प्रकल्पात विमानांच्या देखभालीचे केंद्र उभे आहे. आपल्या गावांतील मुले औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत हत्यार हाती धरावयास शिकतात. अशा मुलांसाठी कोणतीही योजना आखताना एक प्रश्न अवश्य विचारावा : या बदलाने शिडीला पायरी जोडली जाते, की खालची पायरी काढून घेतली जाते?