ढोलीतली बिऱ्हाडं



आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक जुनी चिंच आहे. तिच्या वाळक्या फांदीत ढोली आहे. गेल्या उन्हाळ्यात तिथे पिंगळ्याचं बिऱ्हाड होतं, यंदा दयाळाचं आहे. पिंगळा दिसला की पोरं दगड उचलतात, थोरंही अडवत नाहीत. दयाळ पहाटे गायला लागला की मात्र तीच माणसं कान देऊन ऐकतात. अहो, दोघेही जेमतेम वीतभर, दोघेही किडे खाणारे! फरक आहे तो गळ्याचा. दयाळाचं पिल्लू मोठ्यांचं ऐकून ऐकून गाणं शिकतं. पिंगळ्याचा तो चिरका कलकलाट उपजतच असतो, त्याला शिकवणी नाही.

पण मला सांगायचंय ते ढोलीचं. या दोघांनाही लाकूड कोरता येत नाही. कोरतो सुतार, कोरतो तांबट. ते पिल्लं काढून निघून जातात, की मग ही मंडळी राहायला येतात. कुठे फांदी कुजून आपोआप पोकळी पडते, तीही यांना चालते. आपल्या बऱ्हाणपुरातल्या जुन्या वाड्यांसारखंच हे. बांधला एकाने, नांदून गेली दहा बिऱ्हाडं. दयाळीण गवत, मुळ्या आणून खोली सजवते. पिंगळ्याची मादी तशीच भुशावर पांढरी अंडी घालते. पण भिंती दोघांनाही आयत्याच लागतात. वाडाच पाडला तर बिऱ्हाडकरूंनी जायचं कुठे?

पुन्हा सांगतो, ढोली लागते आणि ती म्हाताऱ्या झाडातच मिळते. आपण नेमकी तीच फांदी वाळली म्हणून उतरवतो आणि दहा रोपं लावून मोकळे होतो. त्या रोपांत ढोली पडेपर्यंत आपले नातू म्हातारे होतील!

ढोलीवर अवलंबून असलेला पिंगळ्याचा एक चुलतभाऊ आपल्या सातपुड्यातही आहे, रानपिंगळा. १८८४ नंतर तो दिसलाच नाही, संपला असंच धरलं होतं. ११३ वर्षांनी, २५ नोव्हेंबर १९९७ ला पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या साथीदारांना तो शहाद्याजवळच्या जंगलात दिसला, तोही ऐन सकाळी. पुढे मेळघाटात सापडला, शेजारच्या खंडव्याच्या सागवनातही सापडला. एवढा दुर्मीळ पक्षी, आणि पिल्लं काढायला त्यालाही हवी ढोलीच. 

एवढंच करा. फांदी उतरवायला माणूस बोलावण्याआधी आठवडाभर तिन्हीसांजेला लांब उभं राहून त्या ढोलीकडे पाहा. आत कुणी राहत असेल तर...