विम्याविना मोटार आणि भरपाईचा हक्क

मोटार ही वस्तु आतां केवळ श्रीमंतांची राहिलेली नाहीं. मध्यम स्थितींतील कुटुंबाच्या दाराशींहि, कर्ज काढून कां होईना, एक लहानशी गाडी उभी असते. तिचे हप्ते बँकेंत वेळेवर भरले जातात, दसऱ्याला तिला झेंडूची माळ घातली जाते. परंतु तिच्या विम्याची मुदत केव्हां संपते हें पुष्कळ घरांत कोणाच्याच ध्यानीं राहत नाहीं. मग एके दिवशीं चौकांत धडक बसते, आणि विमापत्र काढून पाहावें तों तें तीन आठवड्यांपूर्वींच मुदतबाह्य झालेलें असतें.

अशा प्रसंगीं गृहस्थ बहुधा दोहोंपैकीं एका चुकीच्या समजुतीच्या आहारीं जातो. एक म्हणतो, "आपलाच विमा नाहीं; आतां दुसऱ्याकडे भरपाई कोणत्या तोंडानें मागावी?" दुसरा म्हणतो, "आज विमा उतरवूं आणि अपघात उद्यां झाला असें लिहून देऊं." पहिला आपला हक्क सोडतो आणि दुसरा गुन्ह्याच्या वाटेला लागतो. या दोहोंमधील सरळ वाट कोणती, एवढेंच आज सांगावयाचें आहे. मी कायदेपंडित नाहीं. आयुष्यभर मुलांना व्याकरण आणि गणित शिकविलें. पण कायदा वाचावयास व्याकरण लागतें आणि विमा समजावयास गणित. तेवढ्याच अधिकारावर चार शब्द बोलतों.

प्रथम हें लक्षांत घ्यावें कीं, मोटारीच्या विम्याचे दोन भाग असतात. एक आपल्या गाडीच्या नुकसानीचा; तो घेणें न घेणें हा मालकाच्या मर्जीचा प्रश्न. दुसरा तिऱ्हाइताच्या नुकसानीचा. तो मात्र सक्तीचा आहे. 1939 च्या मोटार वाहन कायद्यानें ही सक्ति आपल्या देशांत आणली. पुढें 1988 चा नवा कायदा झाला. त्याच्या 146 व्या कलमांत तीच सक्ति आहे. यामागचें तत्त्व साधें आहे. रस्त्यावर ज्याला गाडीची ठोकर बसते, त्यानें कांहीं त्या गाडीचा मालक निवडलेला नसतो. मालक कफल्लक निघाला म्हणून जखमी माणसानें उपाशी राहावें, हें कायद्याला मान्य नाहीं. विम्यावांचून गाडी रस्त्यावर आणल्यास 2019 च्या सुधारणेप्रमाणें पहिल्या वेळीं 2,000 रुपये दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. पुन्हां तोच गुन्हा घडल्यास दंड 4,000 रुपये.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. भूमितीच्या रीतीनें एका गाडीच्या मालकाला 'अ' म्हणूं आणि दुसऱ्याला 'ब'. 'अ' चा विमा संपलेला आहे. तो सिग्नलपाशीं नियमानें उभा असतां 'ब' नें मागून येऊन त्याची गाडी ठोकली. 'अ' ला भरपाई मागतां येईल काय? निःसंशय येईल. विमा नसणें हा 'अ' चा सरकारशीं झालेला गुन्हा आहे, आणि त्याचा दंड त्यानें भरलाच पाहिजे. परंतु गाडी ठोकली ती 'ब' च्या निष्काळजीपणामुळें. 'अ' च्या खिशांत विमापत्र असतें तरी ती धडक टळली नसती. सर्वोच्च न्यायालयानें 2008 मध्यें, परवाना नसलेल्या एका जखमी वाहनचालकाच्या प्रकरणांत हाच विचार मांडला: केवळ परवाना नव्हता एवढ्यावरून अपघाताचा दोष त्याच्या माथीं मारतां येत नाहीं, त्याच्या चालविण्यांत चूक होती काय, हें पाहावें लागतें.

तेव्हां 'अ' ला स्वतःच्या विमा कंपनीकडून कांहीं मिळणार नाहीं. पण 'ब', त्याच्या गाडीचा मालक आणि त्याची विमा कंपनी, या तिघांवर त्याचा दावा चालतो. 'ब' च्या दृष्टीनें 'अ' हाच तिऱ्हाईत. खाजगी मोटारीच्या नेहमींच्या विमापत्रांत तिऱ्हाइताच्या मालमत्तेसाठीं साडेसात लाख रुपयांपर्यंतची हमी असते. मालकानें हप्ता वांचविण्यासाठीं ती कमी करून घेतली असल्यास विमा कंपनी केवळ 6,000 रुपयांपर्यंत बांधलेली राहते, आणि वरची रक्कम मालकाकडून घ्यावी लागते. हा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढें करावयाचा. अपघात जेथें घडला तेथें, किंवा अर्जदार वा प्रतिवादी जेथें राहतो तेथें अर्ज करतां येतो. मालमत्तेचें नुकसान 2,000 रुपयांहून अधिक असेल, तर दिवाणी न्यायालयाचा मार्गहि मोकळा आहे. 1 एप्रिल 2022 पासून लागू झालेल्या सुधारणेनें न्यायाधिकरणाकडे जाण्यास सहा महिन्यांची मुदत घातली आहे. म्हणून 'पाहूं पुढें' हें धोरण येथें उपयोगाचें नाहीं.

कित्येकदां दोष दोघांचाहि असतो. समजा, 'ब' तीन हिस्से चुकला व 'अ' एक हिस्सा. 'अ' चें नुकसान 80,000 रुपये आणि 'ब' चें 40,000. तर 'अ' ला 60,000 रुपये मिळतील. परंतु 'ब' च्या नुकसानीचा चौथा हिस्सा, म्हणजे 10,000 रुपये, त्याला द्यावे लागतील. विमा असता तर हे 10,000 कंपनीनें भरले असते. विमा नसल्याची किंमत ती ही.

हा हक्क पुराव्यावांचून मात्र लुळा आहे. धडक बसतांच हुज्जत घालण्याऐवजीं प्रथम कोणी जखमी असल्यास त्याला वैद्यकीय मदत मिळवून द्यावी. तें चालकाचें कायदेशीर कर्तव्यच आहे. मग दोन्ही गाड्यांचीं छायाचित्रें, दुसऱ्या गाडीचा क्रमांक, तिच्या विमा कंपनीचें नांव व विमापत्राचा क्रमांक, पाहणाऱ्या दोघा-तिघांचीं नांवें लिहून घ्यावीं. पोलिसांत वर्दी द्यावी, पंचनामा होऊं द्यावा. दुरुस्ती करण्यापूर्वीं नुकसानीचा अंदाज जाणत्या तपासनिसाकडून लेखी घ्यावा आणि दुरुस्तीचीं बिलें जपून ठेवावीं. पुष्कळ लोक आपला विमा नाहीं या भयानें पोलिसांना टाळतात आणि रस्त्यावरच पांचशे-हजारांत सौदा करून "माझी कांहीं तक्रार नाहीं" असें लिहून देतात. दोन हजारांच्या दंडाच्या भीतीनें साठ हजारांवर पाणी सोडणें हें कोणत्या गणितांत बसतें?

आतां उलट बाजू पाहूं, कारण खरें संकट तेथेंच आहे. चूक 'अ' चीच असेल, आणि त्याच्या गाडीखालीं एखादा मजूर किंवा शाळेचा विद्यार्थी सांपडला, तर? स्वतःच्या गाडीचें नुकसान तर बुडालेंच. परंतु जखमीची अगर मृताच्या वारसांची भरपाईहि 'अ' ला पदरची द्यावी लागते. न्यायाधिकरण मृताचें वय, मिळकत आणि त्याच्यावर अवलंबून असणारीं माणसें पाहून रक्कम ठरवितें. ती अनेक लाखांची असूं शकते. ती न भरल्यास कलेक्टरामार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणें वसूल होते, म्हणजे राहत्या घरापर्यंत हात पोंचतो. 2018 मध्यें सर्वोच्च न्यायालयानें, विमा नसलेली अपघातग्रस्त गाडी पुरेशा तारणावांचून सोडूं नये व जरूर तर ती विकून ते पैसे भरपाईसाठीं ठेवावे, अशा आशयाचे नियम करण्यास राज्यांना सांगितलें.

विमा 'आहे' असें वाटून तो नसण्याचेहि प्रकार आहेत. त्यांतले तीन सांगतों.

पहिला, चेकचा. हप्त्याचा चेक परत गेल्यावर कंपनीनें विमापत्र रद्द केलें व तशी सूचना अपघातापूर्वीं मालकाला पोंचली, तर कंपनी सुटते. न पोंचल्यास तिऱ्हाइताला पैसे देणें तिला भाग आहे. 2012 मध्यें सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला. ही सोय तिऱ्हाइताची, मालकाची नव्हे.

दुसरा, जुन्या गाडीच्या खरेदीचा. गाडी विकली कीं तिऱ्हाइताचा विमा नव्या मालकाकडे जातो, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा जात नाहीं. तो चौदा दिवसांच्या आंत कंपनीला कळवून आपल्या नांवावर करून घ्यावा लागतो. विकणारानेंहि नोंदणी बदलून घ्यावी. नोंदणीपुस्तकांत ज्याचें नांव तोच मालक, असें सर्वोच्च न्यायालयानें 2018 मध्यें ठरविलें असल्यामुळें, विकलेल्या गाडीचा अपघात जुन्या मालकाच्या दारीं येऊं शकतो.

तिसरा, 90 दिवसांचा. विमा संपल्यावर 90 दिवस तो चालू असतो, अशी एक समजूत सर्वत्र आढळते. ती निखालस खोटी आहे. ते 90 दिवस, पूर्वीं दावा न केल्याबद्दल हप्त्यांत मिळणारी सूट टिकविण्यासाठीं आहेत. संरक्षण मुदतीच्या शेवटच्या मध्यरात्रीं संपतें.

आणि तो 'उद्यांच्या तारखेचा' अपघात? 1938 च्या विमा कायद्याप्रमाणें हप्ता पोंचण्यापूर्वींची जोखीम कंपनीवर येत नाहीं. विमापत्रावर तारखेबरोबर आतां वेळहि लिहिलेली असते, आणि संरक्षण त्या वेळेपासूनच सुरू होतें. संपलेला विमा पुन्हां घेतांना कंपनी गाडी तपासून पाहते. अशा स्थितींत खोटी तारीख घालणें ही फसवणूक ठरते. पैसे तर मिळत नाहींतच, वर फौजदारी खटला पाठीं लागतो. मुलांच्या देखत बापानें असा कागद लिहावा, यासारखी दुर्दैवाची शिकवण नाहीं.

शेवटीं थोडें गणित. 1 जून 2022 पासून लागू झालेल्या दरपत्रकांत हजार सी. सी. पर्यंतच्या खाजगी मोटारीच्या तिऱ्हाईत-विम्याचा वार्षिक हप्ता, कर वगळून, 2,094 रुपये होता. म्हणजे दिवसाला सहा रुपयांहूनहि कमी. घरांतील दिनदर्शिकेवर आपण विजेच्या बिलाची तारीख लिहितों, गॅसची लिहितों. त्यांतच विम्याच्या अखेरच्या दिवसाभोंवतीं एक तांबडें वर्तुळ काढावें, आणि त्याच्या आठ दिवस आधीं पैसे भरावे. ज्याचा विमा आज संपलेला असेल त्यानें तो भरला जाईपर्यंत गाडी दारांतच उभी ठेवावी. आणि ज्याला विम्याविना असतां दुसऱ्यानें ठोकलें असेल त्यानें आपला दंड निमूटपणें भरावा, परंतु न्याय्य भरपाई सोडूं नये. एक चूक घडली म्हणून माणूस आपल्या सर्वच हक्कांना मुकत नाहीं. आणि एक हक्क शिल्लक आहे म्हणून ती चूक चूक नव्हती असेंहि होत नाहीं.